चुन्याची रेघ

पाऊस संपून महिना झालाय. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलंय आणि तुम्ही टेकडीच्या कडेला उभे आहात. सीप्झच्या इमारती नाहीत, महाकाली केव्ह्ज रोड नाही, लिंक रोडवर कुथत चढणारे ट्रक नाहीत. साष्टी बेटाचा हा मधला भाग. खाली भाताची खाचरं, खाचरांच्या बांधाला पाच-सहा झोपड्या, पश्चिमेला लांबवर खाडीचं पाणी चमकतंय. काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. या जागेला पुढे कोंडिविटे म्हणतील, आणि आणखी पुढे सगळ्यालाच अंधेरी पूर्व.

तुमच्यासमोर चार माणसांचा वाद चाललाय. एक भिक्खू, एक दान देणारा गृहस्थ, पाथरवटांचा म्होरक्या आणि त्याचा पोरगा. भिक्खूच्या डोळ्यांपुढे काहीतरी आहे, पण ते शब्दांत येत नाहीये. स्तूप हवा, तो गोल खोलीत हवा, खोलीला भिंत हवी, आणि हे सगळं खडकाच्या पोटात. पाथरवट विचारतो, ‘खडकाच्या आत कसली भिंत? सगळा खडकच आहे ना?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. भिक्खू हात फिरवतो, गृहस्थ कंटाळतो. शेवटी भिक्खू खालच्या झोपडीकडे बोट दाखवतो. कुडाची गोल भिंत, वरून उतरलेलं शाकारलेलं छप्पर. तशी. ती झोपडी उचलून डोंगरात ठेवल्यासारखी.

पाथरवट उत्तर देत नाही. तो खुंटी ठोकतो, दोरी बांधतो, दोरी ताणून एक फेरी मारतो. मातीत गोल उमटतो. त्याच्या पुढ्यात तो टाचेनं लांबट चौकोन ओढतो आणि दोन्हींच्या मधली रेघ पायानं पुसून टाकतो. ते दार. गृहस्थ चौकोनातून चालत जाऊन गोलात उभा राहतो आणि पहिल्यांदाच मान हलवतो. वाद संपतो आणि घासाघीस सुरू होते.

हा प्रसंग माझ्या कल्पनेतला, पण त्यातून निघालेलं लेणं खरं आहे. कोंडिविट्याच्या एकोणीस लेण्यांपैकी नवव्या लेण्यात आजही जाता येतं. पुढे चौकोनी मंडप, मागे गोल खोली, खोलीत स्तूप. आणि मंडपातून पाहिलं तर त्या खोलीची बाहेरची भिंत झोपडीसारखी वळलेली, दाराच्या दोन्ही अंगांना दगडी जाळीच्या खिडक्या. दगड मात्र वाईट. ज्वालामुखीच्या राखेत खडे अडकून झालेला, ठिसूळ, ओलीनं पोपडे सुटणारा. त्या दगडात जाळी कोरायला धाडस लागतं.

आता थोडं मागे आणि फार लांब जा. बिहारात गयेजवळ बराबरच्या टेकड्या आहेत. अशोकाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, तिथे सुदामा आणि लोमस ऋषी ही लेणी कोरली गेली. त्यांची मांडणी हीच, चौकोन आणि त्याला लागून गोल. फरक एवढाच, की तिथलं दार चौकोनाच्या लांब बाजूला आहे. आत शिरल्यावर गोल खोली गाठायला वळावं लागतं. कोंडिविट्याला कुणीतरी ती आकृती काटकोनात फिरवली. दार आखूड बाजूला आलं आणि आत पाऊल टाकताच स्तूप समोर. गयेहून साष्टीपर्यंत कागद आला असेल असं मला वाटत नाही. यायची गरजही नव्हती, कारण जी आकृती पायाच्या अंगठ्यानं मातीत काढता येते तिला डोक्यात घेऊन मैलोन्मैल चालता येतं. आणि डोक्यात असताना ती फिरवूनही पाहता येते.

पाथरवट कोरायला वरून सुरुवात करतो. आधी छत, मग खाली खाली. पायाखाली खडक असतो, परांची लागत नाही. अडचण एकच, चुकलं तर भर घालता येत नाही. कान्हेरीला गेलात, बोरिवलीच्या जंगलात, तर पहिल्याच लेण्यापाशी थांबा. तिथल्या दर्शनी भागातले दोन अवाढव्य खांब उभे राहिलेत आणि आतला चैत्य झालाच नाही. शेजारच्या तीन नंबरच्या भव्य चैत्यापुढे पर्यटक फोटो काढतात, या अर्धवट लेण्याकडे ढुंकून पाहत नाहीत. माझ्या मते त्यांचं चुकतं. पूर्ण झालेलं लेणं फक्त स्वतःला दाखवतं. अपुरं लेणं करणाऱ्याच्या मनातला बेत दाखवतं.

डोळे मिटा आणि त्याच कोंडिविट्याच्या दारात १८७० च्या दशकात उघडा. तुमच्या हातात मोजपट्टीचं एक टोक आहे. दुसरं टोक आत अंधारात, मशालीच्या धुरात. वटवाघळं बिथरलीत. जेम्स बर्जेस याच्या हाताखाली १८७४ मध्ये पश्चिम भारताचं पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झालंय, आणि त्यानं जेम्स फर्ग्युसनबरोबर लिहिलेलं ‘द केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया’ १८८० मध्ये छापून येईल. आतून आकडा ओरडला जातो, बाहेर कुणीतरी तो वहीत टिपतो.

तुम्ही वहीत डोकावता. पानावर एक अशक्य दृश्य आहे. लेणं कमरेच्या उंचीवर आडवं कापलंय, वरचा डोंगर उचलून बाजूला ठेवलाय आणि कुणीतरी आकाशातून खाली पाहतंय. हा प्लॅन. त्याच्याखाली लेणं उभं चिरलंय, स्तूप मधोमध दुभंगलाय, छताची कमान आणि जमीन एका रेघेत दिसतायत. हा छेद. या दोन जागांवर माणूस कधीच उभा राहू शकत नाही. भिक्खू नाही, चोर नाही, साहेबही नाही. पण याच दोन खोट्या जागांवरून लेणं सगळ्यात खरं कळतं. बराबरचा प्लॅन आणि कोंडिविट्याचा प्लॅन शेजारी शेजारी ठेवा. जे नातं प्रत्यक्ष दोन्ही ठिकाणी फिरून आलेल्यालाही जाणवलं नसतं, ते टेबलावर बसलेल्याला एका नजरेत दिसतं. कागदाची ही करामत. तिचा तोटाही याच टेबलावर जन्मला. वरून पाहायची सवय लागली, की खाली उतरायचा आळस येतो.

तो आळस पाहायला १९२२ मध्ये मुलुंडला उतरा. गाडी अजून वाफेवर आहे. फलाटाच्या पश्चिमेला बांध, खाचरं, गवताचे माळ. जमीनदार झवेरभाई रामदास यांनी क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांना गावाची आखणी सांगितलीय. गुंडाळी तुमच्या हातात. उलगडा. रस्ते उभे, रस्ते आडवे, मध्ये प्लॉट. पट्टी ठेवली आणि ओढली, इतकं सरळ. बांधावरून एक शेतकरी येतो, कागद उलटा धरतो, सुलटा धरतो आणि विचारतो, ‘यात आमचा नाला कुठंय?’

जाळीचा आराखडा वाचायला सोपा. ज्याला काटकोन कळतो त्याला सगळं गाव कळतं. तीन, चार, पाच फुटांवर दोरीला गाठी मारल्या की कुठल्याही गवंड्याला जमिनीवर गुण्या मिळतो. एका कोपऱ्यापासून निघून खुंट्या ठोकत मुलुंडच्या दुसऱ्या टोकाला जाता येतं. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची ती जाळी आजही पायाखाली जाणवते. मात्र मुलुंडकर पत्ता सांगताना जाळीतला कुठलाही काटकोन सांगत नाही. तो सांगतो ‘पाच रस्ता’. जिथे रस्ते नेमानं न छेदता एकत्र धावून येतात, तीच खूण माणसांनी उचलली.

ज्यांना आखणी कंटाळवाणी वाटते त्यांच्यासाठी या काळात दुसरंही दुकान उघडलंय. मुलुंडहून बोरीबंदरची गाडी पकडा आणि मुंबई विद्यापीठात जा. १९१९ पासून तिथे समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग आहे आणि विभागाचा प्रमुख दाढीवाला स्कॉटिश म्हातारा पॅट्रिक गेडीस. हा व्याख्यान देताना कागदाच्या घड्या घालतो. घड्यांचे चौकोन होतात, कर्णावरच्या चौकोनांत तो लिहितो जागा, काम, माणसं. मग उरलेल्या चौकोनांत या तिघांच्या जोड्या लावत जातो. माणसांनी घडवलेली जागा, जागेनं ठरवलेलं काम. विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात. त्याच्या आसपास वावरलेल्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्येही आहेत. त्याच्याच पाठबळावर ते विलायतेला गेले आणि १९२४ मध्ये त्याचा विभाग त्यांच्याच हाती आला. गेडीसच्या घड्या त्याच्याशिवाय कुणाला फारशा वाचता आल्या नाहीत. त्याची आकृती विचार करायची होती, मुलुंडची हुकूम द्यायची. त्यानं गावोगावी जाऊन जे सांगितलं ते मात्र साधं होतं, की पट्टी हातात घेण्याआधी गल्लीतून चाला. मुलुंडचा तो नाला त्याच्या नजरेतून सुटला नसता.

बाकी उपनगरांत त्या काळात १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वेगळाच खेळ चाललाय. वेड्यावाकड्या शेतांचा नकाशा, त्यावर रस्ते, रस्त्यांच्या कडेनं नीट कापलेले प्लॉट. ज्याची जेवढी जमीन त्याला त्या प्रमाणात नव्या आखणीतला तुकडा. जुना तो मूळ प्लॉट, नवा तो अंतिम. बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या फाटकावर ‘एफ. पी. नं.’ अशी अक्षरं दिसली तर तो अंतिम प्लॉट. घाटकोपरचा रिक्षावाला तुम्हाला नव्वद फुटीवर सोडतो तेव्हा तोही ड्राफ्ट्समननं टाकलेलं एक माप उच्चारत असतो. फूटपाथवर आलेले गाळे आणि उभ्या केलेल्या गाड्या वजा केल्या तर ते नव्वद फूट भरतील का, हा वेगळा विषय.

१९६५ चा जून. बोरिवलीहून चर्चगेटची लोकल, दारातला पाऊस अंगावर, आणि तुमच्या हातात मुल्कराज आनंदांच्या ‘मार्ग’चा नवा अंक. आदल्या वर्षी महापालिकेनं मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला होता. त्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी वेगळाच प्रस्ताव मांडलाय. मजकूर लांब आहे, पण त्याचा गाभा एका आकृतीत मावतो. समुद्रात शिरलेलं मुंबईचं चिंचोळं बोट. सकाळी सगळे बाण खाली, संध्याकाळी सगळे वर. मग एक नवा बाण, बंदराच्या पाण्यावरून पूर्वेला, पलीकडच्या किनाऱ्यावर. तो बाण टाकला की उभी रेघ वाकून पाण्याभोवती कडं होतं.

अंधेरीला गर्दी आत घुसते आणि तुमचा अंक छातीशी दाबला जातो. उभ्या बाणांचा अर्थ आता वेगळा समजावून घ्यायची गरज उरत नाही. तुम्हीच त्या बाणात कोंबलेले आहात. ज्याला वास्तुकलेतलं ओ की ठो कळत नाही अशा मंत्र्यालाही ही आकृती पाच मिनिटांत सांगता येईल, आणि ती तशी सांगितलीही गेली असणार. १९७० मध्ये पलीकडच्या किनाऱ्यावर नवं शहर वसवायला सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, शिरीष पटेल नियोजनाची बाजू पाहू लागले. एका बाणानं शहर हललं, असं म्हणायला हरकत नाही.

पण बाणाचं टोक कुठे रुतलं तेही पाहून घ्या. पाण्याच्या पलीकडचा तो किनारा आकृतीत कोरा होता. प्रत्यक्षात तिथे ९५ गावं होती, भातशेती होती, मिठागरं होती, आगरी आणि कोळी वस्त्या होत्या. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासईच्या परिसरात, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली. आकृती काढणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, बाणही हुशारीचाच होता. पण कागदावर जागा कोरी सोडली की पाहणारा ती रिकामीच समजतो.

आता पुन्हा पश्चिमेला, गोराई. सन ऐंशीच्या दशकाचा शेवट. इथे जरा बसूनच घ्या, घाई नाही. बोरिवली स्टेशनपासून पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे, भराव टाकून सपाट केलेली जमीन. ऊन मी म्हणतंय, सावलीला झाड नाही. जागतिक बँकेच्या कर्जावर १९८५ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली म्हाडा इथे आणि चारकोपला घरं बांधून देत नाहीये. ती प्लॉट देतेय. रस्ता, पाणी, गटार, वीज आणि आखलेला तुकडा. लहानातला लहान तुकडा २५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे पावणेतीनशे चौरस फूट. सोडतीत नंबर लागलेल्यांनी त्यावर आपापलं घर चढवायचं. साधारण पस्तीस घरांचा एक घोळका, मध्ये मोकळा चौक, त्या पस्तिसांची मिळून एक सोसायटी.

एक जोडपं आलंय. त्याच्या हातात अमोनिया प्रिंट, अजून वास मारणारी, जांभळट निळ्या रेघांची. सोबत मिस्त्री. चुन्याची पाटी, दोरीचं बंडल, ओळंबा. बाई कागद हातात घेते.

‘हे अर्धं वर्तुळ कसलं?’

‘दार आहे ते, वहिनी,’ मिस्त्री म्हणतो. ‘दार उघडतं ना, त्याची फेरी दाखवलीय.’

‘म्हणजे दार उघडलं की एवढी जागा गेली?’

‘गेली म्हणजे... तिथं काही ठेवता यायचं नाही.’

‘अहो, ऐकलंत का? मग दार बाहेर उघडू दे.’

‘अगं, बाहेर पॅसेज आहे सगळ्यांचा.’

‘मग सरकवायचं करा. नाहीतर तुमचं कपाट चौकात ठेवा.’

वास्तुकलेच्या शाळेत दाराची ही पाव फेरी पहिल्याच वर्षी शिकवतात. ती कशासाठी काढायची हे कळायला विद्यार्थ्याला पुष्कळ वर्षं लागतात. या बाईला अर्धं मिनिट लागलं. तिनं मनानं फेरीच्या आत उभं राहून पाहिलं.

मिस्त्री प्लॉटच्या कोपऱ्यापासून दोरी ताणतो, चिमटीतून चुना सोडत मागे मागे जातो. पांढरी रेघ. ही बाहेरची भिंत. ही आतली. इथे मोरी, इथे संडास, इथे ओटा. घर जमिनीवर पसरलंय आणि भयंकर लहान दिसतंय. हे नेहमीच होतं, लाइन आउटला खोली आहे त्याहून लहान दिसते आणि भिंती चढल्या की पुन्हा थोडी मोठी वाटायला लागते. का, ते मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. नवरा हिरमुसलाय. बाई पिशवीतून चटई काढते. रेघेच्या आत अंथरते. एक चटई, दोन माणसं. उचलून शेजारी ठेवते. आणखी दोन. पुन्हा उचलते. सासूबाईंचा पलंग मोजताना ती पायानं माप घेते, पावलाला पाऊल लावून. मग म्हणते, ‘मोरी त्या बाजूला सरकवली तर दीर आला तरी झोपेल.’

‘वहिनी, पाइप इकडून आलाय,’ मिस्त्री म्हणतो.

‘मग भिंत सरकवा.’

भिंत चार बोटं सरकते. मिस्त्री चपलेनं जुना चुना पुसतो आणि नवा टाकतो. नंतर जिन्याचा प्रश्न निघतो. आज एकच खोली परवडतेय, पण पुढे वर चढवायचं आहे. जिना आतून घेतला तर खोली खाणार, बाहेरून घेतला तर पुढे वरची खोली भाड्यानं देता येईल. हा सगळा विचार कागदावर कुठेच नाही. कागदानं फक्त चौकट दिली आणि आतली जागा तिच्या ताब्यात सोडली. आजचं गोराई पाहिलंत तर एकमजली, दुमजली, कुठे आणखी वर गेलेली घरं दिसतात. कुणाचा जिना बाहेर, कुणाचा आत, कुणाच्या खाली किराणा दुकान. चौकात गणपतीचा मांडव पडतो, हळदीकुंकू होतं, लग्नाची जेवणं उठतात आणि उरलेले दिवस स्कूटर उभ्या असतात. लेआउटवर गल्ल्यांना दिलेले संकेतही तसेच पत्त्यात मुरलेत. गोराईचा माणूस ‘आरएससी’ म्हणून आकडा सांगतो, चारकोपचा ‘आरडीपी’ म्हणून. त्या अक्षरांचा विस्तार विचारलात तर तो तुमच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहतो आणि रिक्षा कुठे वळवायची ते सांगतो.

याच दशकात पाण्यापलीकडे कोरिया बेलापूरला वसाहत उभी करतायत, आर्टिस्ट्स व्हिलेज या नावानं ओळखली जाणारी. सात घरं एका आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती. असे तीन घोळके मिळून मोठं अंगण. ते तीन मिळून आणखी मोठं. ही आकृती फार देखणी आहे आणि वास्तुकलेच्या पुस्तकांत ती हटकून सापडते. गोराईची तिथे क्वचितच दिसते. देखणेपणात गोराई मागे पडेल हे कबूल. पण रेघ किती घट्ट ओढायची आणि कुठे सोडून द्यायची हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता, आणि त्या चटईपुरतं बोलायचं तर मी गोराईच्या बाजूनं आहे.

२०१५ चा फेब्रुवारी फार वेळ घेणार नाही. अंधेरी, के-पूर्व वॉर्ड ऑफिस. महापालिकेच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झालाय, पुढच्या वीस वर्षांचा. लोक नकाशावर वाकून आपली इमारत शोधतायत. पिवळं म्हणजे राहती वस्ती, हिरवं म्हणजे मोकळी जागा, एवढं बहुतेकांना माहीत आहे. एक गृहस्थ बोट ठेवून थिजतात, कारण प्रस्तावित रस्ता त्यांच्या उभ्या इमारतीतून गेलाय. गावठाणातली माणसं विचारतात की आमचं गाव या रंगात कुठे आहे. आरेच्या हिरव्यावर बांधकामाची खूण पाहून गोरेगावची पोरं भडकलीत. हरकतींचा पाऊस पडतो, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तो मसुदा रद्द करून नव्यानं करायला सांगतात. सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडतं. त्या दिवसांत महापालिकेची यथेच्छ टिंगल झाली आणि ती योग्यच होती. मात्र नकाशा कपाटात न राहता भिंतीवर लागला म्हणूनच चुका पकडल्या गेल्या. मुलुंडच्या बांधावर नाला शोधणारा माणूस एकटा होता. इथे त्याच्यासारखे हजारो, आणि त्यांच्याकडे हरकतीचा छापील अर्ज.

शेवटचा मुक्काम आजचा. बोरिवली पश्चिम, सत्तरच्या दशकातली चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, पिलर फुगलेले, सज्ज्यांतून सळ्या दिसतायत. पुनर्विकासाची सभा. कमिटीनं सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ कलमाची कागदपत्रं लावून ठेवलीत, बिल्डरचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवतोय. बावीस मजले, निळं आकाश, पोहण्याचा तलाव. बाल्कनीत एकही दोरी नाही, दोरीवर एकही टॉवेल नाही. खालच्या हिरवळीवर गोरीपान माणसं फिरतायत, ती बोरिवलीची नक्कीच नाहीत. हे चित्र फार छान आहे आणि त्यात प्रश्न विचारायला कुठेच जागा नाही. दार कुठे उघडतं ते त्यात दिसत नाही. उत्तर कुठे आहे ते दिसत नाही. शेजारचा टॉवर उभा राहिल्यावर ऊन किती वाजता येईल ते तर नाहीच नाही.

‘कार्पेट किती?’ मागून आवाज येतो. आकडा सांगितला जातो. टाळ्या पडतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू टाळी वाजवत नाहीत.

‘आकडा नको. बेडरूम केवढी ते सांगा.’

‘काकू, दहा बाय अकरा.’

‘दाखवा.’

‘पुढच्या स्लाइडवर प्लॅन आहे ना, काकू.’

‘प्लॅन बघितला. त्यात पलंग काढलाय तो लहान मुलाचा आहे. गच्चीवर चला.’

सोसायटीनं नेमलेली सल्लागार आर्किटेक्ट तरुण मुलगी आहे. ती बिल्डरच्या माणसाकडे पाहते, हसू दाबते आणि पर्समधून टेप काढते. सेक्रेटरींच्या नातवाचा खडू येतो. तुम्हीही जिन्यानं वर जाता, पन्नास-साठ माणसांच्या मागून. टाकीच्या बाजूला सपाट जागा सापडते. मुलगी टेपचं टोक तुमच्या हातात देते, ‘धरता का जरा, इथे, शून्यावर’. दहा फूट. अकरा फूट. गुण्यासाठी ती तीन-चार-पाच मोजते, गवंडी मोजतो तसंच. खोली गच्चीवर उमटते. मग ती भिंतीच्या आत आलेला कॉलम काढते, जो पडद्यावर रंगाखाली झाकला होता, आणि दाराची पाव फेरी.

काकू आत शिरतात. त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरचे दोघं भाऊ, मग तळमजल्याच्या आजी, त्यांना खुर्ची लागते. ‘इथे गोदरेजचं कपाट.’ ‘कपाट नाही बसत, कॉलम आहे.’ ‘मग कॉलम बाहेर घ्या.’ ‘कॉलम बाहेर गेला तर आमची बाल्कनी जाते.’ ‘तुमची कशाला जाईल, तुमचा ब विंग ना?’ बिल्डरचा माणूस म्हणतो की हा मुद्दा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवू. आर्किटेक्ट मुलगी म्हणते की पाठवा, पण तोवर खडू पुसू नका. कुणीतरी शेजारी स्वयंपाकघरही आखायला घेतलंय, आणि ओट्याच्या लांबीवरून दोन वहिनींचं जोरात जुंपलंय.